गटात शिकल्याने हुशार मुलाचं नुकसान होतं का?

मुलांना गटात बसवलं की हुशार मुलाचा वेळ वाया जातो आणि बाकीचे त्याचं बघून लिहितात, ही तक्रार मेहकर तालुक्यातल्या जानेफळपासून मुंबईपर्यंत ऐकू येते; इतक्या ठामपणे, की पुरावा कुणी मागतच नाही. पुरावा मात्र उलटं सांगतो. संशोधक पीटर कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये मुलांनी मुलांना शिकवण्यावरचे ६५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा शिकणाऱ्याबरोबर शिकवणाऱ्या विद्यार्थ्याचीही समज वाढलेली दिसली. उदाहरणार्थ, हातच्याची वजाबाकी स्वतः करताना ‘दशकाकडून एक घेतला’ एवढ्यावर भागतं. शेजारच्याला समजावताना मात्र तो एक दहा कसा झाला हेही सांगावं लागतं, आणि नुसती पाठ केलेली रीत तिथे उघडी पडते.

राहिला बघून लिहिण्याचा मुद्दा. २००९मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात कोलोराडो विद्यापीठातल्या जनुकशास्त्राच्या वर्गाचा अभ्यास छापून आला. विद्यार्थ्यांनी प्रश्न आधी एकट्याने सोडवला, मग चर्चा केली, आणि नंतर त्याच संकल्पनेवरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवला. नव्या प्रश्नाची उत्तरंही सुधारली. गटात सुरुवातीला कुणालाच बरोबर उत्तर येत नव्हतं, तिथेसुद्धा! मग नक्कल केली कुणाची? काही मुलं गटात नुसती बसून राहतात, हे खरं आहे. पण तो दोष कामाच्या आखणीचा आहे. गटाचं यश प्रत्येकाच्या स्वतंत्र शिकण्यावर मोजलं तर गटकाम फळतं, असं शिक्षण-संशोधक रॉबर्ट स्लॅविन यांनी दाखवून दिलं आहे. गटातल्या कुणालाही फळ्यापाशी बोलावलं जाईल हे माहीत असलं, की आयतं उत्तर घेऊन भागत नाही.

आणि मेहकर तालुक्यातल्या एखाद्या छोट्या शाळेचा विचार तरी करा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. गुरुजी दुसरीला वाचन शिकवत असताना तिसरीच्या मुलांनी हाताची घडी घालून गप्प बसायचं, की एकमेकांची गणितं तपासायची? शांत वर्ग म्हणजे शिकणारा वर्ग, हाही असाच एक हट्टी गैरसमज.

फरशी रंगवून मुलांना गोल बसवलं की ज्ञानरचनावाद, म्हणजे मुलाने आपलं ज्ञान स्वतः घडवणं, आला, हेही खरं नाही. ज्ञानरचनावादी शाळांसाठी गाजलेल्या साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये पाहण्यासारखं होतं ते मुलांचं काम, रंग नव्हे. आणि गटात शिकणं हे परदेशी खूळ आहे म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: मुलांनी मुलांना शिकवण्याची जी पद्धत अँड्र्यू बेल यांनी १७९७मध्ये लंडनला पुस्तकातून मांडली, ती मद्रासमध्ये घडलेली होती.