लाट आधी, रिपोर्ट मागून

परवा ओळखीच्या एका लॅबवाल्याकडे गेलो होतो. सिक्वेन्सिंगच्या मशीनवर कापडी खोळ आणि खोळीवर फायलींचा गठ्ठा. "सॅम्पलच नाही येऊन राहिले, भाऊ," तो म्हणाला.

ती खोळ पाहून कोरोनाचा काळ आठवला. २०२० मी गाळूनच टाकतो. थाळ्या आणि दिवे सगळ्यांच्या लक्षात आहेत. मला सलतो तो २०२१चा फेब्रुवारी. मुंबई-पुणं जरा सैलावलं होतं आणि आमच्या अमरावतीत आकडे चढू लागले. २२ तारखेपासून पुन्हा लॉकडाऊन. दोष कुणाचा? लग्नांचा, पंगतींचा, वऱ्हाडी बेफिकिरीचा! टीव्हीवरच्या शहाण्यांनी आम्हाला यथेच्छ झोडपलं. माणसं तीच, लग्नं तीच. मग विषाणूच बदलला नसेल कशावरून, हे विचारणारे थोडेच होते.

तो बदलला होता. बी.१.६१७ या नव्या प्रकाराचे पहिले नमुने ऑक्टोबर २०२०मधलेच. पण स्वॅब पॉझिटिव्ह येणं वेगळं आणि त्यातल्या विषाणूची तीसेक हजार जनुकीय अक्षरं वाचून त्याचं कूळ ठरवणं, म्हणजे सिक्वेन्सिंग, वेगळं. त्यासाठी केंद्रानं डिसेंबरअखेरीस दहा प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' उभं केलं. शंभर पॉझिटिव्हमागे पाच नमुने वाचायचे असं ठरलं. प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही कुणी पोचलं नाही. २४ मार्चला केंद्राचं पत्रक निघालं: महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल एकत्र दिसतात. आणि त्याच पत्रकात पुढे, रुग्णवाढीशी याचा थेट संबंध जोडण्याइतके नमुने सापडलेले नाहीत! अहो, वाचलेच किती होते?

बी.१.६१७च्याच एका शाखेचं 'डेल्टा' असं बारसं जागतिक आरोग्य संघटनेनं ३१ मेला केलं. तोवर आमच्या गल्लीतल्या दोन घरांची तेरावीही उरकली होती. मधल्या काळात जग त्याला 'इंडियन' म्हणायचं, तर केवढा संताप झाला आपल्याकडे. इथलेच लोक 'अमरावती स्ट्रेन' म्हणत होते, तेव्हा कुणाच्या कपाळावर आठी पडली नाही.

डेल्टानंतर आलेल्या ओमिक्रॉन या प्रकाराच्या वेळी दक्षिण आफ्रिकेनं वेळेत सांगितलं. बक्षीस म्हणून जगानं त्यांची विमानं अडवली. पुढच्या उपप्रकारांची नावं मी लक्षात ठेवली नाहीत.

गेल्या हिवाळ्यात आठवडाभर तापलो. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे." कोणतं, असं विचारलं, तर हसले आणि पॅरासिटामॉल लिहून दिली.