गुडघ्यांना विश्रांती किती?

ऑक्टोबर २००० मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत सांधेबदलाची शस्त्रक्रिया झाली आणि या उपायाची घरोघरी चर्चा झाली. तथापि तो अखेरचा उपाय होय. कूर्चा झिजली की गुडघा दुखतो. दुखण्याच्या धास्तीने रुग्ण चालणे सोडतो, मांडीचे स्नायू दुर्बल होतात आणि दुखणे आणखी वाढते. खरी मेख इथेच आहे. खुर्चीत बसून पाय सरळ उचलून धरणे, सपाट रस्त्यावर बेताने चालणे, यांनी स्नायूंना बळ येते. स्थूल व्यक्तीचे वजन एक किलो घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. जठर व मूत्रपिंडांना त्या बाधतात. पंगतीत खुर्ची मागण्यात तर कमीपणा मुळीच नाही. एवढे करूनही वेदनेने रात्रीची झोप मोडू लागली, तर शस्त्रक्रियेचा विचार लांबणीवर टाकू नये.