राज्याचा जमाखर्च व तुटीची भरपाई

दरवर्षीं मार्च महिन्याच्या सुमारास ‘तुटीचा अर्थसंकल्प’ हे शब्द वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनीं झळकूं लागतात, आणि वर्गांतील एखादा चौकस विद्यार्थी विचारतो कीं, सरकारजवळ पैसा नसेल तर त्यानें नोटा छापून कां घेऊं नयेत? प्रश्न भाबडा खरा, परंतु त्याचें उत्तर पुष्कळ थोरांसही नीट देतां येत नाहीं. चलन काढण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेचा व केंद्राचा. राज्य सरकारास तो मुळींच नाहीं. राज्यानें कर व फी घ्यावी, केंद्राकडून वांटा घ्यावा, नाहीं तर कर्ज काढावें.

उदाहरणादाखल महाराष्ट्राचा २०२५-२६ सालचा अर्थसंकल्प घेऊं. त्या वेळचे अर्थमंत्री श्री. अजित पवार यांनीं तो १० मार्च २०२५ रोजीं विधानसभेंत मांडला. त्यांत महसुली जमा ५,६०,९६४ कोटी रुपये व महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी रुपये धरला होता. म्हणजे तूट ४५,८९१ कोटींची. महसुली खर्च म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानें असा नित्याचा खर्च. या नित्याच्या खर्चांतील दर शंभर रुपयांमागें सुमारें साडेसात रुपये उसने आणावयाचे होते, असा याचा सरळ अर्थ. शेतकऱ्यानें विहिरीसाठीं कर्ज काढलें तर पुढें पाणी लागून तें फिटण्याची आशा असते. पण मीठमिरचीसाठीं काढलेलें कर्ज मीठमिरचीबरोबरच संपतें, व्याज तेवढें मागें राहतें. म्हणून तूट किती, यापेक्षां ती कशापायीं, हें आधीं पाहावें. रस्ते, धरणें इत्यादि भांडवली कामांसह एकंदर राजकोषीय तूट १,३६,२३४ कोटींची अंदाजिली होती, आणि राज्याच्या एकूण उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेंत ती बसत होती, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे.

आतां ही तूट भरावी कोठून? येथें राज्याचे हात बरेच बांधलेले आहेत. प्राप्तिकर केंद्राचा. १ जुलै २०१७ पासून बहुतेक वस्तूंवरील जुने विक्रीकर जाऊन वस्तु व सेवा कर आला. त्याचा वांटा राज्यास मिळतो, परंतु त्याचा दर एकट्या राज्याला वाढवितां येत नाहीं. मग मुख्यत्वें उरतात मद्य, पेट्रोल-डिझेल, वाहनें, मुद्रांक आणि वीज. तिजोरींत खडखडाट झाला कीं कोणत्याही पक्षाचें सरकार याच चारपांच दारांशीं कां जातें, याचें कारण हें.

त्या वर्षींही तसेंच घडलें. सीएनजी व एलपीजीवर चालणाऱ्या खासगी मोटारींचा कर एक टक्क्यानें वाढविण्याचें ठरलें. मोटार वाहन कराची कमाल मर्यादा वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली. एकाच व्यवहारांतील पूरक दस्तांवरील मुद्रांक शुल्क शंभराचें पांचशें केलें. आमच्या पनवेल तालुक्यांत, जेथें जमिनीचे व्यवहार नित्याचे झाले आहेत, ही शेवटची गोष्ट पालकांच्या ध्यानांत आली असेलच. तीस लाखांहून अधिक किंमतीच्या विजेवरील मोटारींवर सहा टक्के कर सुचविला होता. तो मात्र त्याच महिन्यांत सभागृहांतील चर्चेनंतर मागें घेतला गेला.

हें मागें घेणें क्षुल्लक समजूं नये. आमच्या शिरढोण गांवीं १८४५ सालीं जन्मलेले वासुदेव बळवंत फडके हे पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत नोकरीस होते. सरकारचा पैसा कसा येतो व कसा जातो हें त्यांच्या नित्य पाहण्यांतलें. १८७६-७७ च्या दुष्काळांत रयतेची झालेली दैना पाहून १८७९ सालीं त्यांनीं बंड उभारलें. त्या काळीं कर बसवितांना रयतेस विचारण्याची चालच नव्हती. आज संविधानाच्या २६५ व्या अनुच्छेदानें कायद्याच्या आधारावांचून कोणताही कर घेतां येत नाहीं.

परंतु आमच्या मतें खरा विचार करण्याजोगा उपाय अर्थसंकल्पानंतर, १० जून २०२५ रोजीं, आला. त्या दिवशीं मंत्रिमंडळानें विदेशी बनावटीच्या मद्यावरील शुल्क उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलें, आणि देशी दारूवरील शुल्क दर प्रूफ लिटरमागें १८० वरून २०५ रुपये केलें. यांतून वर्षाला सुमारें १४,००० कोटी अधिक मिळतील अशी अपेक्षा सांगण्यांत आली. ती रकम महसुली तुटीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी आहे.

त्याच अर्थसंकल्पांत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेसाठीं ३६,००० कोटी ठेवले होते. जुलै २०२४ पासून पात्र स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये मिळूं लागले. आईच्या हातीं आलेला रुपया बहुधा वहीपेन्सिलींत व औषधांत जातो, म्हणून या योजनेस आम्ही नुसती उधळपट्टी म्हणणार नाहीं. पण हिशेब घरांत येऊन करून पाहा. देशी दारूच्या १८० मिलिलिटरच्या बाटलीची किमान किंमत ७० वरून ८० रुपये झाली. घरधनी रोज एकच बाटली घेईल, तर तीस दिवसांचे २,४०० रुपये होतात. पत्नीच्या खात्यांत १,५०० आले आणि पतीच्या खिशांतून २,४०० गेले! महाग झाल्यानें माणसें कमी पितील असें कोणी म्हणतात. तसें झालें तर आनंदच आहे, पण मग १४,००० कोटी कोठून येणार? व्यसन सुटावें आणि उत्पन्नही वाढावें, या दोन इच्छा एका दावणीस बांधतां येत नाहींत. शिवाय चोरटी हातभट्टी आहेच.

याच प्रांतानें एकदां उलट वाट धरली होती. १९३७ सालीं अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरांत दारूबंदी लागू केली. आणि बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई करण्यासाठीं शहरांतील घरांच्या वार्षिक भाडेमूल्यावर दहा टक्के कर बसविला. घरमालकांनीं मोठी ओरड केली. त्याच वर्षीं महायुद्धाच्या प्रश्नावरून मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि तो प्रयोग पुरता पारखला गेला नाहीं. तरी मद्याचा पैसा सोडावयाचा तर तो दुसऱ्या कोणाकडून तरी मागावा लागतो, हें त्या मंत्र्यांनीं लोकांपासून लपविलें नाहीं. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा झाला. पुढें परवान्यांच्या वाटेनें ती बंदी सैल होत गेली. आज महाराष्ट्रांत मद्यावरील शुल्क वसूल होतें तें त्याच कायद्यान्वयें, आणि त्याच्या नांवांत ‘दारूबंदी’ हा शब्द अद्याप तसाच आहे.

राहतां राहिलें कर्ज. मार्च २०२६ अखेर राज्यावरील कर्ज ९,३२,२४२ कोटींवर जाईल असा अंदाज अर्थसंकल्पाच्या वेळीं होता. २०११ च्या जनगणनेंतील सव्वाअकरा कोटी लोकांत तें वांटलें तर माणशीं सुमारें ८३,००० रुपये पडतात; पाळण्यांतील बालकही त्यांत धरलेलें आहे. आठवीच्या मुलांनीं हा भागाकार पाटीवर स्वतः करून पाहावा, आणि घरीं किती माणसें आहेत त्या आंकड्यानें गुणून वडिलांस दाखवावा.