पेनाइन वे: पहिला दिवस, चालणारा, गाडीवाला आणि कुत्रा

इंग्लंडची पेनाइन वे ही २६८ मैलांची, म्हणजे सुमारे ४३१ किलोमीटरची पायवाट. टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने १९३५ साली तिची कल्पना मांडली; वाट खुली व्हायला १९६५ उजाडलं!

पहिला टप्पा ईडेल ते क्राउडन, साधारण २६ किलोमीटर. एक जण कुत्र्यासोबत चालतो, दुसरा तंबू-पथारी गाडीत टाकून पुढे निघतो. चालणाऱ्याच्या पाठीवर फक्त पाणी, शिदोरी, रेनकोट, नकाशा आणि होकायंत्र. जेकब्स लॅडरची चढण संपली की किंडर स्काउटचं पठार लागतं. पुढे स्नेक पासचा डांबरी रस्ता वाटेला आडवा येतो. दमलेल्या कुत्र्याला गाडीत बसवायचं असेल, तर ते इथेच. त्यानंतर ६३३ मीटर उंचीचं ब्लीकलो. दाट धुक्यात इथे दिशा चुकणं फार सोपं, म्हणून भेटीची जागा आणि वेळ सकाळीच पक्की करतात.

पायाखाली पीटचा काळा चिखल. त्यावर ठिकठिकाणी अंथरलेल्या फरश्या जुन्या कापड गिरण्यांमधून आणलेल्या आहेत!

कुत्र्यासाठी कायदाही आहे. १ मार्च ते ३१ जुलै या काळात अशा खुल्या माळरानावर त्याला जास्तीत जास्त दोन मीटरच्या पट्ट्याने बांधून न्यावं लागतं, कारण तेव्हा पक्ष्यांची घरटी जमिनीवर असतात. मेंढ्यांजवळ मात्र पट्टा बारा महिने हवा. गाई अंगावर धावून आल्याच, तर पट्टा सोडून द्यायचा. कुत्रा पळून स्वतःला वाचवतो आणि माणसालाही निसटता येतं.