आभासी प्रयोगशाळा : रचना आणि मर्यादा

महागड्या उपकरणांची उणीव ही देशातील अनेक महाविद्यालयांची जुनी अडचण आहे. तिच्यावरील उपाय म्हणून, २००९ मध्ये सुरू झालेल्या माहिती व संचार तंत्रज्ञानाद्वारे राष्ट्रीय शिक्षण अभियानांतर्गत ‘व्हर्च्युअल लॅब्स’ प्रकल्प हाती घेण्यात आला. दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था त्याचे समन्वयन करते.

येथे प्रयोगाची मांडणी टप्प्याटप्प्याने केलेली असते : उद्दिष्ट, सिद्धान्त, पूर्वचाचणी, कार्यपद्धती, संगणकीय प्रतिरूपण आणि उत्तरचाचणी. काही प्रयोगांत विद्यार्थी दूरवरचे खरे उपकरण इंटरनेटद्वारे चालवितो.

प्रतिरूपण तयार करण्याचा खर्च मोठा असतो. परंतु ते तयार झाल्यावर प्रत्येक वाढीव विद्यार्थ्यामागील सीमान्त खर्च नगण्य ठरतो. म्हणूनच येथे सार्वजनिक गुंतवणूक समर्थनीय आहे. दूरस्थ उपकरणाचे तसे नाही; एकजण ते वापरत असताना इतरांना थांबावे लागते.

प्रतिरूपणात चूक झाली तरी काही मोडत नाही आणि प्रयोग पुन्हा करता येतो. मात्र उपकरण जुळविण्याचे हस्तकौशल्य त्यातून लाभत नाही. त्यामुळे आभासी प्रयोगशाळा ही प्रत्यक्ष प्रयोगशाळेस पूरक असावी. तिला पर्याय मानल्यास सुसज्ज संस्थांतील विद्यार्थी उपकरणे हाताळतील, इतरांच्या वाट्याला केवळ पडदा येईल आणि जी विषमता दूर करावयाची, तीच कायम राहील.