ज़िद आणि जिद्द

हट्टी माणसासाठी इंग्रजीत ‘रिकॅल्सिट्रंट’ असा एक जड शब्द आहे. ऐकायला तो कोर्टकचेरीतला वाटतो, पण त्याचे मूळ तबेल्यात आहे. लॅटिनमध्ये ‘काल्क्स’ म्हणजे टाच. त्यावरून लाथ मारण्याचे क्रियापद झाले आणि आधी ‘रे’ जोडल्यावर अर्थ झाला उलट लाथ झाडणे. अडलेले खेचर करते तेच! टाचेच्या हाडाला डॉक्टर ‘कॅल्केनियस’ म्हणतात, तोही याच घराण्यातला शब्द. फ्रेंचमधून इंग्रजीत हा शब्द १९व्या शतकात रुळला. ‘ऑब्स्टिनेट’ त्याहून बराच जुना. त्याच्या मुळाशी ठाम उभे राहणे आहे. ‘टेनेशियस’च्या मुळाशी धरून ठेवणे आहे आणि तो बहुधा कौतुकाने वापरतात.

आता आपल्या घरातला शब्द पाहू. अरबीत ‘ज़ाद’ अक्षराने सुरू होणाऱ्या ‘ज़िद्द’चा अर्थ विरुद्ध, उलट. फारसी-उर्दूच्या वाटेने त्याला हट्टाचा अर्थ आला. मराठीत मात्र तोच शब्द ‘जिद्द’ होऊन चिकाटीचे, निर्धाराचे नाव झाला. म्हणून आपल्या घरांत एकच शब्द दोन तऱ्हांनी नांदतो. अम्मी म्हणते, “ज़िद मत कर!” आणि शाळेतल्या बाई म्हणतात, “मुलगी जिद्दी आहे हं!”

दहावीनंतर पुढे शिकायचेच, असे मुलगी म्हणते तेव्हा घरात ती ज़िद ठरते. तीच पदवी घेऊन आली की सत्कारात तिची जिद्द वाखाणली जाते. मुलगी तीच असते. तोवर तिने एकटीने सोसलेले मात्र कोणी मोजत नाही.

प्रत्येक हट्ट पुरवावा असे आम्ही म्हणत नाही. दस्तरखानावर मोबाइलसाठी रडणाऱ्या लेकराला नाहीच म्हणावे. पण उलट लाथ बसते ती बहुधा आधी लगाम ओढल्यावर. म्हणून मूल अडून बसले की ‘ज़िद्दी’ म्हणण्याआधी त्याला एकदा जवळ बसवून विचारावे: बेटा, तुला नेमके काय नको आहे, आणि का? उत्तर पूर्ण ऐकून मग हो-नाही ठरवावे.