डॅक नवा, कूलर जुनाच

सेवाग्रामची बापूकुटी पाहून आलेल्या कुणालाही गांधीजींचा आवाज ऐकावासा वाटला, तर तो आज मोबाइलवर सहज सापडतो. गोलमेज परिषदेसाठी ते लंडनला गेले होते, तेव्हा ऑक्टोबर १९३१मध्ये कोलंबिया कंपनीने त्यांची तबकडी काढली. राजकारणावर काही बोलण्याऐवजी त्यांनी ‘यंग इंडिया’तला आपलाच ईश्वरावरचा जुना लेख वाचून दाखवला. दोन्ही बाजू मिळून सहाएक मिनिटं.

मोबाइलमध्ये तो आवाज म्हणजे नुसते आकडे. स्पीकरला मात्र वीज लागते. आकड्यांची वीज करणारी चिप म्हणजे डॅक. सीडी प्लेअर, टीव्ही, लॅपटॉप, सगळ्यांत ती असतेच. पण जुना डॅक बदलून नवा घेतला की गाणं खुलतं, असं हौशी मंडळी छातीठोकपणे सांगतात.

सुरुवातीच्या यंत्रांत काटकसर होती, हे खरं. १९८२च्या सोनी सीडीपी-१०१मध्ये एकच डॅक डाव्या-उजव्या बाजूंना आळीपाळीने पुरवला जाई. त्यामुळे एक बाजू सेकंदाच्या अकरा दशलक्षांश भागाने मागे पडे. तेवढ्या वेळात आवाज जेमतेम चार मिलिमीटर जातो. ऐकताना मान जरा कलली तरी तेवढा फरक पडतो! पुढे काही वर्षांत ही उणीवही गेली.

सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आता वर्ध्यातली मे महिन्यातली दुपार घ्या. पारा पंचेचाळिशीला टेकलेला, खिडकीत कूलर घरघरतोय. तो एकटाच पन्नास-साठ डेसिबल आवाज करतो. तानपुऱ्याची विरत जाणारी आस त्याच्याखाली केव्हाच बुडते. तिथे डॅक बिचारा काय करणार?

अमेरिकेत मेयर आणि मोरान यांनी २००७मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा थेट आणि एकदा सीडीच्या दर्जाला उतरवून ऐकवलं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे छापा-काटाच. दुकानात फरक जाणवतो, त्याचं एक साधं कारण असं की, दोन यंत्रांपैकी किंचित मोठ्याने वाजणारं कानाला सरस वाटतं.

तरीही बदल कधी कधी उपयोगी पडतो. चार्जर लावताच लॅपटॉपच्या आवाजात गुणगुण शिरत असेल, तर बाहेरून जोडायचा साधा डॅक बऱ्याचदा ती घालवतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात जुन्या यंत्रातले कपॅसिटर सुकतात. तेव्हाही दुरुस्ती किंवा बदल करावाच लागतो. एरवी पैसे स्पीकरवर घालावेत. आवाज सर्वाधिक बिघडतो तो तिथे आणि रिकाम्या भिंतींच्या खोलीत.

गांधीजींच्या त्या ध्वनिमुद्रणातली खरखर मात्र तबकडीचीच. महागातल्या महाग डॅकमधूनही ती जशीच्या तशी ऐकू येईल, फक्त कूलर बंद असायला हवा.